लहान ट्रॅक्टरला लोडरची बकेट केवढी घ्यावी

माझ्या लोडरला, म्हणजे ट्रॅक्टरच्या पुढे बसवलेल्या माल उचलायच्या दांड्यांना, आत्तापर्यंत तीन बकेट लागून झाल्या. पहिली ट्रॅक्टरसोबत आलेली, १३७ सेंटीमीटर रुंद. दुसरी मी हौसेने घेतलेली, १८३ ची. आणि आता लावलीये ती १५२ ची. ट्रॅक्टर तोच, २५ एचपीचा, लोडर तोच, तेलाच्या दाबाने तो उचलणारा हायड्रॉलिक पंप तोच. फक्त बकेट बदलली की ट्रॅक्टरचा सगळा स्वभाव बदलतो हे मी तीनदा बघितलंय. कुणीही लहान ट्रॅक्टरला लोडर बसवायचं काढलं की पहिला प्रश्न हाच असतो, बकेट केवढी घेऊ, आणि विचारतानाच बहुतेकांच्या मनात उत्तर ठरलेलं असतं की मोठी घ्यायची. म्हणून एकदा सगळं आकड्यांसकट लिहून काढतोय, जरा लांबेल, पण घाईत वाचण्यासारखा विषय नाही हा.

आधी पहिल्या बकेटचं काय दुखणं होतं ते सांगतो, कारण तिथूनच सगळं सुरू झालं. माझ्या मागच्या टायरची बाहेरून बाहेर रुंदी १४२ सेंटीमीटर आहे. बकेट १३७. म्हणजे दोन्ही बाजूंनी टायर अडीच-अडीच सेंटीमीटर बाहेर. ऐकायला हे काहीच वाटत नाही, दोन बोटांचं अंतर. पण माती सरकवत पुढे निघालं की बकेटच्या दोन्ही कडांनी माती सांडत जाते, तिचा लांबच लांब वरंबा होतो आणि तो बरोब्बर मागच्या चाकाच्या वाटेत येतो. एका बाजूचं चाक वरंब्यावर चढलं की ट्रॅक्टर तिरका, ट्रॅक्टर तिरका झाला की बकेट तिरकी, मग बकेटचा एक कोपरा जमिनीत जास्त घुसतो आणि पुढच्या फेरीला तो खड्डा आणि तो वरंबा दोन्ही आणखी वाढलेले असतात. सपाट करायला गेलो आणि जमिनीच्या लाटा करून आलो असं कितीतरी वेळा झालं, आणि मी बरेच दिवस दोष माझ्या हाताला देत होतो, की लिव्हर नीट जमत नाहीये. लिव्हरचा काही संबंधच नव्हता.

तेव्हा पहिली गोष्ट, टेप घ्या आणि मागच्या टायरची बाहेरची रुंदी मोजा, पुढच्याची नाही, मागच्याची. बकेट तेवढी तरी असलीच पाहिजे, दोन्हीकडून चार-पाच सेंटीमीटर जास्त असली तर उत्तम. मागची चाकं रिम उलटी करून किंवा स्पेसर (चाक बाहेर सरकवणारी चकती) टाकून बाहेर काढलेली असतील तर मोजमाप त्या स्थितीतलं घ्यायचं. ही झाली खालची मर्यादा. माझी चूक अशी की मला वाटलं वरची मर्यादा नसतेच.

१८३ ची बकेट घेतली तेव्हा विकणाऱ्याने एकच वाक्य सांगितलं, घ्या मोठी, फेऱ्या वाचतील. मलाही ते पटलं, का पटणार नाही, दिसायलाच भारी होती, जाड पत्र्याची, खाली रुंद कटिंग एज, म्हणजे धारेची जाड पट्टी. पहिल्या दिवशी भुसा उचलला आणि मी खूश. मग पाऊस पडून गेल्यावर रेतीचा ढीग हलवायला घेतला.

तो प्रसंग मला अजून जसाच्या तसा दिसतो. बकेट ढिगात घातली, निम्मी भरली असेल, मागे वळवून घेतली, जमिनीपासून हातभर उचलली आणि रिव्हर्स टाकून वळायला लागलो. जागा किंचित उताराची होती, डोळ्याला दिसणार पण नाही इतकी. धाकटा भाऊ बाजूला फावडं घेऊन उभा होता, तो ओरडला, "दादा, थांब! मागचं चाक उचललंय!" मला सीटवर काहीच कळलं नव्हतं. फक्त स्टिअरिंग जड झालं होतं आणि ट्रॅक्टर मागे यायच्या ऐवजी जागीच थरथरत होता. मान वळवून बघितलं तर डावीकडचा टायर जमिनीपासून चार बोटं वर, हवेत हळूहळू फिरत होता, आणि त्याच्या नक्षीतून ओल्या रेतीचे गोळे सुटून खाली पडत होते. मी बकेट खाली टेकवली. टायर खाली आला. इंजिन बंद केलं आणि आम्ही दोघं थोडा वेळ काहीच बोललो नाही.

त्या रात्री मी लोडरचं माहितीपत्रक पहिल्यांदा नीट वाचलं. बरेच जण वाचत नाहीत, मीही वाचलं नव्हतं, आणि सगळं तिथेच असतं. उचलण्याच्या ताकदीचे दोन-तीन वेगवेगळे आकडे दिलेले असतात आणि त्यातला सगळ्यात मोठा आकडा जाहिरातीत येतो. माझ्या पत्रकात पिनवर ४३० किलो लिहिलंय, म्हणजे लोडरच्या दांड्याला बकेट जिथे पिनने जोडतात तिथेच सगळं वजन लटकवलं असं धरून, पूर्ण उंचीपर्यंत. पण माती काय पिनवर बसत नाही, ती पिनच्या पुढे बकेटमध्ये बसते. म्हणून दुसरा आकडा पिनच्या ५० सेंटीमीटर पुढचा असतो, तोही पूर्ण उंचीपर्यंतचा, तो माझा ३२०. खरा आकडा हा. आणि तिसरा त्याच जागेचा, पण फक्त दीड मीटर उंचीपर्यंतचा, तो ४२०, कारण दांडा जसजसा वर जातो तसतसा सिलेंडरचा कोन बिघडत जातो आणि ताकद कमी होते. म्हणून खाली सहज उचललेली बकेट ट्रॉलीच्या फळीपर्यंत न्यायला गेलं की अर्ध्यात अडकते आणि रिलीफ व्हॉल्व्हची (दाब फार वाढला की तेल सोडून देणाऱ्या झडपेची) किरकिर ऐकू येते. ती किरकिर म्हणजे पंप आपल्याला सांगतोय की बस. कुणीतरी सल्ला देतं की व्हॉल्व्हचा स्क्रू थोडा आवळ, प्रेशर वाढेल, उचलेल. कृपा करून ते करू नका. दांडे, पिना, होज, पुढचा ऍक्सल, सगळं त्या प्रेशरच्या हिशोबाने बनवलेलं असतं.

आता यातली मेख. त्या ३२० मधून बकेटचं स्वतःचं वजन वजा करायचं असतं. काही कंपन्या वजन धरून आकडा देतात, काही न धरता, ते बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, शोधून वाचायचं. माझ्यात धरलेलं नव्हतं. माझी पहिली बकेट ८५ किलोची, १८३ वाली १६० किलोची. बकेटचं वजन पिनच्या जरा जवळ असतं त्यामुळे काटेकोर बघितलं तर पूर्ण वजा होत नाही, पण आपल्या कामापुरतं सरळ वजा करावं, चुकलं तर सुरक्षित बाजूला चुकतं. म्हणजे ट्रॉलीत टाकण्याच्या उंचीला लहान बकेटमध्ये माल उरला २३५ किलो आणि मोठ्या बकेटमध्ये १६०. परत वाचा. मोठी बकेट लावली आणि माल कमी झाला. एक घनमीटर ओली रेती म्हणजे साधारण १९०० किलो. ती ट्रॉलीत भरायला मोठ्या बकेटने १२ फेऱ्या, लहान बकेटने ९. ज्या फेऱ्या वाचवायला मोठी बकेट घेतली त्याच वाढल्या. हा हिशोब मी वहीत तीनदा केला कारण मला खरंच वाटत नव्हतं.

आता मालाच्या वजनाबद्दल. ही गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आहे आणि सगळ्यात कमी बोलली जाते. बकेटचं माप लिटरमध्ये किंवा घनमीटरमध्ये असतं, ट्रॅक्टरला मात्र किलो कळतात. एक घनमीटर सुका भुसा दोनशे-अडीचशे किलोचा, आणि एक घनमीटर ओली रेती त्याच्या आठ-नऊ पट. कोरडी भुसभुशीत माती बाराशे-तेराशेच्या घरात, ओली झाली की सोळाशेच्या पुढे सहज जाते, खडी पंधराशे-सोळाशे, कुजलेलं खत किती ओलं आहे त्यावर, पाचशेपासून नऊशेपर्यंत काहीही. बर्फ काढणाऱ्यांचं तर आणखी वेगळं, ताजा पडलेला अगदी हलका, शंभरच्या आसपास किंवा त्याहूनही कमी, आणि तोच दबून ओला झाला की चारशे-पाचशेवर जातो. त्यामुळे मी आकडे पाठ करायला सांगत नाही. दहा लिटरची साधी बादली घ्या, आपला स्वतःचा माल तिच्यात सपाट भरा, वजनकाट्यावर ठेवा, बादलीचं वजन वजा करा. आलेल्या किलोला दहाने भागलं की एका लिटरचं वजन मिळालं. माझी पावसात भिजलेली रेती बादलीत १९ किलो भरली. तीच रेती दोन आठवडे उन्हात वाळल्यावर १६. जो माल तुम्ही उचलणार आहात त्यातला सगळ्यात जड, तोही भिजलेला असतानाचा, तो धरून बकेट ठरवायची. कोरड्या दिवशी ट्रॅक्टरला थोडं कमी काम पडलं तर काही बिघडत नाही.

आणि बकेटचं माप. यात पण दोन मापं असतात, एक सपाट भरलेलं आणि एक शिगोशीग. पत्रकात बहुतेकदा शिगोशीगचा आकडा ठळक असतो. शीग किती धरायची याचा नियम असतो, दोन भाग आडवं तर एक भाग उंच असा उतार धरतात, पण आपली रेती, खडी, भुसा यांची शीग काही नियम बघून बसत नाही, सुकी रेती घसरून जाते, चिकट माती उभीच्या उभी राहते. त्यामुळे मी स्वतः मोजायला लागलो. सोपं आहे, पुठ्ठ्याचा मोठा तुकडा बकेटच्या कडेच्या पत्र्याला लावायचा, बाहेरून पेन्सिल फिरवायची, आकार कापून घ्यायचा. मग त्या आकारावर दहा-दहा सेंटीमीटरचे चौकोन आखायचे, पूर्ण चौकोन मोजायचे, अर्धे-मुर्धे जोडीने एक धरायचे. एक चौकोन म्हणजे १०० चौरस सेंटीमीटर. माझ्या आत्ताच्या बकेटचे साडेबारा चौकोन भरले, म्हणजे १२५० चौरस सेंटीमीटर, गुणिले आतली रुंदी १५२, झाले १,९०,००० घन सेंटीमीटर, म्हणजे १९० लिटर सपाट. पत्रकातला मोठा आकडा २४० होता, तो शिगेचा. १८३ वाली सपाट ३१० लिटरची होती. आता ३१० लिटरला १.९ ने गुणा. ५८९ किलो, वर बकेटचे १६०. माझा लोडर हे कुठल्याच उंचीला उचलणार नव्हता, आणि त्याने प्रयत्न केला असता तर मागची चाकं सुटली असती. त्या दिवशी मी निम्मीच भरली होती म्हणून प्रसंग चार बोटांवर निभावला.

मागचं चाक का उचललं ते पण समजून घेतलं पाहिजे, कारण हायड्रॉलिकमध्ये ताकद आहे म्हणजे ट्रॅक्टर ते वजन पेलेल असं अजिबात नसतं. लहान ट्रॅक्टर म्हणजे एक तराजू आहे आणि त्याचा काटा पुढच्या ऍक्सलवर आहे. माझ्या ट्रॅक्टरच्या पुढच्या आणि मागच्या ऍक्सलमध्ये १६० सेंटीमीटर अंतर, आणि बकेटमधला माल पुढच्या ऍक्सलच्या साधारण १२० सेंटीमीटर पुढे. म्हणजे बकेटमध्ये १०० किलो टाकले की मागच्या चाकांवरचे ७५ किलो कमी होतात आणि पुढच्या ऍक्सलवर १७५ वाढतात. शंभर टाकले आणि पावणेदोनशे वाढले! बकेट जितकी खोल, म्हणजे तिचा तळ जितका पुढे आलेला, तितकं हे गणित आणखी वाईट. त्यात पुढचा ऍक्सल मधोमध एका पिनवर डोलतो, म्हणजे पुढच्या दोन चाकांचा आधार आडवा पडण्याच्या बाबतीत फारसा मिळत नाही, तो डोलायचा थांबेपर्यंत ट्रॅक्टर मागची दोन चाकं आणि पुढची मधली पिन अशा तिकाटण्यावर उभा असतो. वजन पुढे गेलं की ते तिकाटण्याच्या अरुंद टोकाकडे जातं. तिथे जरासा उतार, जरासं वळण, एक दगड, आणि बकेट उंच असेल तर मग ट्रॅक्टर पुढे नाही, कुशीवर जातो. म्हणून माल घेऊन चालताना बकेट गुडघ्याच्या खाली, आणि उंच फक्त टाकण्याच्या जागी, सरळ उभं राहून. रोलबार (सीटमागची, ट्रॅक्टर उलटला तर वाचवणारी कमान) उभा आणि सीटबेल्ट लावलेला. हे मी उपदेश म्हणून लिहीत नाहीये, तो फिरणारा टायर बघितला म्हणून लिहितोय.

ब्रेकचं पण बघा. बऱ्याचशा लहान ट्रॅक्टरला ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात. मागची चाकं हलकी झाली की ब्रेक दाबून काही होत नाही, चाक थांबतं आणि ट्रॅक्टर घसरत राहतो. फोर व्हील ड्राइव्ह टाकलेलं असेल तर पुढची चाकं पण रोखायला मदत करतात, म्हणून लोडरचं काम करताना, विशेषतः उतारावर, मी ते काढतच नाही.

मागे वजन लावायचंच, हे तर सोडूच नका, बकेट कुठलीही असो. टायरमध्ये पाणी भरणं चांगलं, पण त्याने फक्त मागचं वजन वाढतं, पुढच्या ऍक्सलवरचा भार काही हलका होत नाही. मागच्या लिंकेजला (अवजारं जोडायच्या दांड्यांना) वजन टांगलं तर दोन्ही होतं. माझा काँक्रीट भरलेला डबा मागच्या ऍक्सलच्या ९० सेंटीमीटर मागे लटकतो, त्याच्या प्रत्येक १०० किलोने मागे १५६ किलो वाढतात आणि पुढचे ५६ कमी होतात. ज्याच्याकडे डबा नाही त्याने मागे रोटाव्हेटर लावून ठेवला तरी चालतो, फक्त वळताना तो कुठे घासतोय ते बघावं.

आता रुंदीचा दुसरा मुद्दा, जो मला फार उशिरा कळला. रुंद बकेट ढिगात घुसतच नाही. साधारण हजार-अकराशे किलोचा ट्रॅक्टर चांगल्या कोरड्या जमिनीवर फार तर साडेपाचशे किलोच्या आसपास ढकलू शकतो, त्याच्या पुढे चाकं फिरतात. हे साडेपाचशे १८३ सेंटीमीटरच्या धारेवर वाटले तर एका सेंटीमीटरला तीन किलो येतात. १३७ वर वाटले तर चार. हाच फरक तुम्हाला दबलेल्या मुरमात कळतो, लहान बकेट गुरगुरत आत जाते आणि मोठी बकेट ढिगाला फक्त ढकलत बसते, चाकं जागेवर खड्डा करतात. हलक्या, सुट्या मालात हा फरक जाणवत नाही, म्हणून भुशाच्या दिवशी मी खूश होतो.

दात असलेली पट्टी पुढे बोल्टने बसवता येते, ती खरंच कामाची आहे, सगळी ताकद आधी दातांच्या टोकांवर येते आणि घट्ट माती फुटते. फक्त सपाट करताना ती काढावी लागते, नाहीतर जमिनीवर फणी फिरवल्यासारखं होतं. पण पुन्हा वजन. लोखंडाचा हिशोब सोपा आहे, एक चौरस मीटर पत्रा, एक मिलिमीटर जाड, म्हणजे ७.८५ किलो. त्यावरून सगळं काढता येतं. १५२ सेंटीमीटर लांब, १५ रुंद, १२ मिलिमीटर जाड अशी साधी कटिंग एज म्हणजे एकवीस-बावीस किलो. एका बकेटला दोन चौरस मीटर पत्रा लागत असेल तर ४ मिलिमीटरला ६३ किलो आणि ६ मिलिमीटरला ९४. फरक ३१ किलो, आणि ते ३१ किलो तुम्ही प्रत्येक फेरीला, वर्षानुवर्षं, रिकामेच उचलत राहणार. मोठ्या मशीनला जाड पत्रा हवाच, तिथे दगड फोडायचे असतात. लहान ट्रॅक्टरला बकेट वाकवण्याइतकी ताकदच नसते, तिथे कडा आणि धार मजबूत हवी, पोट हलकं चालतं. मला विचाराल तर लहान ट्रॅक्टरवर सगळ्यात जास्त पैसे ज्यात वाया जातात ते हेच, हेवी ड्यूटी लिहिलेली बकेट.

तसंच उघडझाप होणारी, चार कामं करणारी बकेट. फार सुंदर वस्तू आहे, पकडते, सपाट करते, खालून सोडते. पण वजनाला साध्या बकेटच्या दीडपट-दुप्पट जाते आणि तिला वेगळी हायड्रॉलिक लाइन लागते. ४० एचपीच्या वर, मोठ्या लोडरवर, विचार करा. माझ्यासारख्या ट्रॅक्टरवर ती लावली तर उचलायला फक्त तीच उरते.

बकेट पटकन बदलता यावी म्हणून मध्ये बसवायचा कपलर घ्यावा का, याचं उत्तर मला अजूनही एका शब्दात देता येत नाही. सोय खूप, दोन लिव्हर फिरवल्या की बकेट खाली, फोर्क (माल उचलायचे काटे) वर. पण कपलरचं स्वतःचं चाळीस-पन्नास किलो वजन आणि तो बकेटला दहा-पंधरा सेंटीमीटर पुढे ढकलतो, म्हणजे वर सांगितलेल्या तराजूत दोन्हीकडून नुकसान. आठवड्यातून तीनदा अवजार बदलत असाल तर घ्या, आणि तेवढ्याने बकेट एक माप लहान करा. वर्षातून दोनदा बदलणार असाल तर पिना ठोकून काढायला वीस मिनिटं लागतात, लागू देत. माझी पिनवालीच आहे.

तळाची लांबी कुणी बघत नाही. दोन बकेट एकाच रुंदीच्या, एकाच लिटरच्या असतात, पण एक उंच आणि आखूड, दुसरी बुटकी आणि लांब. लांब तळाची बकेट सपाट करायला छान, सीटवरून तिची धार दिसते, आखूड बकेटची दिसत नाही. पण ढिगातून माल उपटताना जी मागे वळवण्याची ताकद लागते ती तळ लांबला की घटते, पिनपासून धारेचं अंतर दुप्पट झालं तर ताकद निम्मी. उचलायचं काम जास्त असेल तर आखूड, पसरायचं जास्त असेल तर लांब. आणि सपाट करताना बकेट पूर्ण पालथी करून धार खाली रोवून मागे ओढू नका, बाहेर आलेले सिलेंडरचे रॉड वाकतात, ओढायचं असेल तर तळ थोडाच कलता ठेवून.

फाटकाची रुंदी, शेडचं दार, ट्रॉलीची फळी, ही मापं पण घेऊन ठेवा, यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

तर शेवटी मी १५२ ची घेतली. मागच्या टायरपेक्षा दोन्हीकडून पाच-पाच सेंटीमीटर बाहेर, वजन १०५ किलो, ४ मिलिमीटरचं पोट, कडांना जाड पट्टी, तळ आखूड. ३२० मधून १०५ गेले, २१५ उरले, म्हणजे पहिल्या बकेटपेक्षा २० किलो माल कमी. ते २० किलो मी राजीखुशीने सोडले कारण त्याच्या बदल्यात चाकं वरंब्यावर चढायची थांबली आणि जमीन एका फेरीत सपाट व्हायला लागली. ज्याला फक्त उचलायचं आहे, सरकवायचं, पसरवायचं काहीच नाही, त्याने टायरइतकीच रुंद घ्यावी, मी त्याला पाच सेंटीमीटर जास्त घे असं सांगणार नाही.

१८३ वाली विकली नाही. ती भुशाला आणि पाल्याला ठेवली. सुका भुसा शिगोशीग भरला तरी नव्वद किलोच्या वर जात नाही, पाला त्याहून हलका, तिथे ती बकेट खरोखर फेऱ्या वाचवते. तिच्यावर मोठ्या अक्षरात रंगाने लिहून ठेवलंय, रेती नाही, माती नाही, कारण ट्रॅक्टर घरातले सगळेच चालवतात आणि प्रत्येकाला हे गणित तोंडपाठ असेल असं नाही.

नव्या बकेटच्या आत पण दोन रेघा ओढल्यात, दोन्ही बाजूंच्या पत्र्यावर, वेल्डिंगचे बारीक ठिपके देऊन, कारण रंग एका आठवड्यात घासून जातो. खालची रेघ ११३ लिटरला, ती ओल्या रेतीची, ट्रॉलीत टाकायची असेल तेव्हाची. वरची १५० लिटरला, ओलसर मातीची, माझी माती बादलीत १४ किलो भरते त्या हिशोबाने. रेघेची जागा शोधायला बकेटचा तळ सपाट टेकवून मोजलेल्या बादल्या आत ओतल्या, अकरा बादल्या आणि वर तीन लिटर, आणि रेती हाताने सपाट केली तिथे खडूने खूण केली. गेल्या पावसानंतर तोच रेतीचा ढीग परत हलवायचा होता, मागे काँक्रीटचा डबा होता, भाऊ चालवत होता आणि या वेळी फावडं घेऊन बाजूला मी उभा होतो. त्याने बकेट ढिगात घातली, वळवून घेतली, मग थांबला, सीटवरून अर्धा उठून आत वाकून बघितलं आणि जरा पुढे कलवून रेघेवरची रेती खाली सोडली. मग निघाला. मी पूर्ण वेळ मागच्या टायरकडे बघत होतो, चारही फेऱ्या.